रक्तातला आकडा आणि यकृताचा कर्करोग

रक्त तपासून घेणं आता तिरोड्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावालाही नवीन राहिलेलं नाही. अहवालात ‘एसजीपीटी’पुढचा आकडा वाढलेला दिसला, की घरात कुणीतरी हळूच विचारतंच, ‘कॅन्सर तर नसेल ना?’ या आकड्याचा इतिहास पाहिला, की उत्तर सापडतं.

1941 मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. कर्करोगाचं निदान व्हायचं ते गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. मग नुसत्या रक्तावरून रोग कळेल का?

आशेला जागा होती. पेशींमधली रासायनिक कामं विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. पेशीला इजा झाली, की ती रक्तात झिरपतात. 1938 मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात असंच एक विकर वाढल्याचं दाखवलं. 1955 मध्ये व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी यकृताची इजा एसजीओटी या विकरावरून मोजून दाखवली. एसजीपीटी त्याचंच भावंड.

पण यकृताच्या कर्करोगाची खूण म्हणून ही विकरं अपुरी पडली. काविळीत, दारूनं, काही औषधांनी, यकृतात चरबी साठल्यानंही ती वाढतात. उलट, गाठ असूनही आकडा जवळपास नेहमीसारखा राहू शकतो. धूर दिसला, पण आग कसली ते कळलं नाही.

अधिक नेमकी खूण मिळाली, ती विकर नव्हतीच. गर्भाचं यकृत तयार करतं ते अल्फा-फीटोप्रोटीन यकृताच्या गाठीतून पुन्हा रक्तात येतं, हे 1963 मध्ये मॉस्कोत आबेलेव यांना उंदरांत आढळलं. 1964 मध्ये तातारिनोव यांना रुग्णांत. तेही प्रत्येक रुग्णात वाढत नाही. म्हणूनच सिरोसिस झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. जोडीला ही चाचणीही करतात.

या साऱ्या आकड्यांच्या आधीही एक पाऊल टाकता येतं. 1965 मध्ये ब्लुमबर्ग यांना सापडलेल्या एका प्रथिनातून हिपॅटायटिस-बी विषाणूचा माग लागला. 1976 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू यकृताच्या कर्करोगाचं मोठं कारण आहे आणि त्यावर लस आहे. सरकारी दवाखान्यात बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत ती दिली जाते.

तेव्हा वाढलेल्या आकड्यानं घाबरू नका, नेहमीसारख्या आकड्यानं निर्धास्तही होऊ नका. अहवाल डॉक्टरांना दाखवा. आणि घरात बाळ जन्मलं, की त्या पहिल्या लसीची आठवण ठेवा.