घास अडू लागला, तर...

घरातील वडीलधारी व्यक्ती भाकरी बाजूला सारून भात मागू लागते. काही आठवड्यांनी भाताऐवजी पेज आणि पेजेऐवजी दूध घेऊ लागते. घरची मंडळी 'वय झाले, दात राहिले नाहीत' असे म्हणून विषय संपवतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा क्रम बोलका आहे. आधी घट्ट पदार्थ, मग मऊ पदार्थ आणि शेवटी पाणीही अडू लागणे, हे अन्ननलिकेचा मार्ग अरुंद होत चालल्याचे लक्षण होय. दातांच्या तक्रारीत घास चावता येत नाही; येथे चावलेला घास खाली उतरत नाही. हा फरक घरच्या घरी, जेवणाच्या ताटावरच ओळखता येतो.

घशापासून जठरापर्यंत जाणारी ही नळी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची असते. तिची भिंत स्नायूंची असल्याने घास येताच ती सैलावते आणि निरोगी प्रौढ माणसात सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंत सहज रुंदावते. आतील जखमेचा व्रण होऊन ती जागा आकसली, की हे सैलावणे थांबते. आतील मार्ग १३ मिलीमीटरच्या, म्हणजे साधारण करंगळीच्या जाडीच्या खाली आला, की भाकरीचा तुकडा किंवा मटणाची फोड अडणे जवळजवळ ठरलेलेच. त्याआधी बराच काळ माणूस नकळत स्वतःला सांभाळून घेत असतो. लहान घास घेणे, प्रत्येक घासावर पाणी पिणे, भाकरी दुधात कुस्करणे, लग्नाच्या पंगतीला जाणे टाळणे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडते. त्यामुळेच हा विकार वैद्याकडे उशिरा पोहोचतो. आणखी एक गोष्ट दिशाभूल करते. रुग्ण बोट ठेवतो गळ्यावर, प्रत्यक्षात अडथळा असतो छातीच्या तळाशी.

देहू, तळवडे, चिखली, भोसरी आणि इंद्रायणीपलीकडचा चाकण या पट्ट्यात या विकाराकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. एकीकडे संत तुकाराम महाराजांच्या जन्मभूमीभोवतीचे जुने गावपण आहे. तेथील भाकरीचा आहार, मिश्री लावण्याची सवय आणि दुखणे अंगावर काढण्याची वृत्ती औद्योगिक वस्तीतही टिकून आहे. दुसरीकडे मोटार उद्योगाला सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आहेत. धातूला मुलामा देण्यापूर्वी त्यावरील गंज काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिड आणि तेलकटपणा काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला जातो. अन्ननलिकेला या दोन्हींइतका वाईट शत्रू नाही.

कारणे अनेक

जगभरात या विकाराचे सर्वांत परिचित कारण म्हणजे वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची तक्रार. जठरातील आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला भाजते, जखम भरते, पुन्हा भाजते आणि अखेरीस तेथे व्रणाचे कडे तयार होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आणि त्या वर्गातील औषधे आल्यापासून हे प्रमाण घटले. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊन वर्षे काढणाऱ्याने जळजळ थांबली म्हणजे दुखणे संपले, असे समजू नये. कडे तयार झाले, की पुष्कळदा जळजळ उलट कमी होते आणि रुग्णाला बरे वाटू लागते.

गोळीनेही अन्ननलिका भाजते, हे फारसे ठाऊक नसते. डॉक्सिसायक्लीन, पोटॅशियमच्या गोळ्या, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिले जाणारे ॲलेंड्रोनेट, तसेच काही वेदनाशामके कोरड्या घशाने गिळून लगेच आडवे झाल्यास गोळी मध्येच चिकटून विरघळते. पेलाभर पाणी आणि त्यानंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभे राहणे, एवढीच काळजी पुरेशी असते.

रक्तक्षय असलेल्या मध्यमवयीन स्त्रियांमध्ये लोहाच्या दीर्घ कमतरतेमुळे अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा धरतो. लोह दिल्यावर आणि पडदा दुर्बिणीने फाडल्यावर घास उतरू लागतो. तथापि अशा स्त्रियांना कर्करोगाचा धोका अधिक असल्याने त्यांना पुढेही तपासणीखाली ठेवतात. छातीवर किंवा मानेवर किरणोपचार झालेल्यांना काही महिन्यांनी हाच त्रास उद्भवू शकतो. क्षयरोगाने सुजलेल्या छातीतील गाठी बाहेरून नळी दाबतात, ते वेगळेच.

सर्वांत आधी नाकारायचे कारण मात्र कर्करोग. धूम्रपान, मद्यपान आणि तंबाखू चघळणे या तिन्ही सवयी त्याला निमंत्रण देतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्यासाठी वापरली म्हणून ती औषध होत नाही. काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत त्रास घट्ट अन्नावरून पातळ अन्नापर्यंत आला आणि वजन झपाट्याने उतरले, तर एक दिवसही दवडू नये. याउलट पाणी आणि भाकरी दोन्ही पहिल्या दिवसापासून सारखेच अडत असतील, तर दोष नळीच्या रुंदीत नसून स्नायूंच्या हालचालीत असण्याची शक्यता अधिक. त्या विकाराला अॅकलेझिया म्हणतात आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

पाण्याच्या बाटलीतील ॲसिड

संडास व फरशी साफ करण्याचे सुटे ॲसिड रिकाम्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. कारखान्यातही कामापुरते ॲसिड अशाच बाटलीत काढले जाते. द्रव रंगहीन, बाटली ओळखीची आणि पिणारा तहानलेला मुलगा किंवा पाळी संपवून आलेला कामगार. एका घोटात आयुष्यभराचे दुखणे मागे लागते.

ॲसिड पेशींना गोठवते, तर कॉस्टिक सोडा पेशी विरघळवत खोलवर जातो. ॲसिड अन्ननलिकेला केवळ चाटून जाते आणि खरी इजा जठराला करते, असे जुने मत होते. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ते खोडून काढले. ॲसिड प्यायलेल्या बहुतेक रुग्णांची अन्ननलिकाही भाजलेली त्यांना आढळली. याच गटाने १९९१ मध्ये दुर्बिणीतून दिसणाऱ्या भाजण्याची प्रतवारी प्रसिद्ध केली. आज जगभर ती झरगर यांच्याच नावाने वापरली जाते. वरवर लाली असेल तर नळी पूर्ववत होते; नळीच्या संपूर्ण घेराला खोल जखमा असतील किंवा भाग काळा पडला असेल, तर पुढे मार्ग आकसणार, असे धरून चालावे लागते. ओठ आणि जीभ स्वच्छ दिसली म्हणून आतील नळी सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अशा प्रसंगी घरगुती उपायच अधिक घात करतात. उलटी काढू नये, कारण ॲसिड वर येताना नळी दुसऱ्यांदा भाजते. लिंबू, खाण्याचा सोडा, दूध, अंडे यांपैकी काहीही पाजू नये. आम्ल व अल्कली एकत्र आले, की उष्णता निर्माण होते. शिवाय भरल्या पोटी उलटीचा धोका वाढतो आणि दुर्बिणीतून दिसणेही अवघड होते. तोंड पाण्याने धुऊन चूळ टाकावी, अंगावरचे भिजलेले कपडे काढावेत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली सोबत न्यावी. दुर्बिणीची तपासणी साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांत करतात. लहान मुलाने खेळण्यातील किंवा रिमोटमधील चपटा बटन सेल गिळला असेल, तर वेळ आणखी कमी असतो. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत भिंत जाळू लागतो.

पहिल्या आठवड्यानंतर फसवा काळ येतो. वेदना शमते, रुग्ण जेवू लागतो, घरचे निर्धास्त होतात. व्रण मात्र याच काळात आकसत असतो आणि साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घास अडू लागतो. बरे वाटते म्हणून पुढची तपासणी चुकविणारे रुग्ण परत येतात, तेव्हा पाणीही उतरत नसते. प्रौढ व्यक्तीने ॲसिड जाणूनबुजून घेतलेले असेल, तर तिच्या मनाचा उपचारही तितकाच निकडीचा ठरतो. त्यासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

हे सारे टाळता येण्याजोगे आहे, हे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एका शल्यचिकित्सकाने ओळखले होते. गिळलेल्या वस्तू दुर्बिणीने बाहेर काढण्यात नाणावलेले डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांच्याकडे घरातील कॉस्टिक सोडा साखर समजून खाल्लेली मुले येत. नळी आकसून पाण्याचा थेंबही न उतरणारी ही मुले पाहून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये तेथे दाहक द्रव्यांच्या डब्यावर 'विष' हा शब्द ठळकपणे छापणे कायद्याने बंधनकारक झाले. बाटलीवरचा कागद हाही एक उपचारच असतो, हे जॅक्सन यांनी दाखवून दिले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, १८ वर्षांखालील व्यक्तीला ॲसिड विकू नये, असा तो आदेश आहे. त्याचा रोख स्त्रियांवरील ॲसिडहल्ल्यांवर होता. विकत घेतलेले ॲसिड घरात कोणत्या बाटलीत ठेवले जाते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. कारखान्यांबाबत १९४८ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या जागी बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत तशी पाटी लावण्याचा दंडक घालून दिला होता. चाकण आणि तळवड्यात कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशापासून आलेले असताना 'समजेल अशी भाषा' या शब्दांना मोठा अर्थ आहे. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी मात्र वेगळ्या आकाराचा, वेगळ्या रंगाचा डबा हीच पाटी.

मेणबत्तीपासून फुग्यापर्यंत

आकसलेली नळी रुंद करण्याची कल्पना जुनी आहे. युरोपात काही शतकांपूर्वी वैद्य मेणाची कांडी घशातून सरकवत. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून एका रुग्णाचे अन्न खाली ढकलल्याची नोंद केली. तो रुग्ण बहुधा अॅकलेझियाचा होता. आजही या कामाच्या लवचिक नळीला 'बूजी' म्हणतात. मेणबत्तीसाठीचाच हा फ्रेंच शब्द असून, मेणाचा व्यापार चालणाऱ्या अल्जीरियातील एका बंदराच्या नावावरून तो आला.

आता दुर्बिणीतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि तिच्यावरून क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या बूजी सरकवतात, किंवा अडथळ्याच्या जागी फुगा नेऊन तो फुगवतात. त्याआधी तेथील तुकडा काढून कर्करोग नाही ना, याची खात्री करून घेतात. घाई येथे अंगाशी येते. अडथळ्याला भिडल्यानंतर एका बैठकीत साधारण तीन मिलीमीटरहून अधिक रुंदी वाढवायची नाही, असा पूर्वापार संकेत आहे. आम्लपित्ताने झालेले कडे थोड्या बैठकांत आणि औषधांच्या जोडीने आटोक्यात येते. ॲसिडचा व्रण मात्र लांबलचक आणि हट्टी असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी बैठका घेत काही महिने, कधी वर्षे जातात. तेही पुरे पडले नाही तर व्रणात स्टिरॉइडचे इंजेक्शन, तात्पुरती जाळीची नळी आणि शेवटी मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा भाग वर खेचून पर्यायी अन्ननलिका तयार करणे, असा पुढचा मार्ग असतो. अॅसिड किंवा सोड्याने भाजलेल्या अन्ननलिकेत काही दशकांनंतर कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याने बरे झालेल्या रुग्णानेही तपासणी सोडायची नसते.

तोपर्यंत पोषणाचे काय, हा घरच्यांचा खरा प्रश्न असतो. केवळ पेज आणि चहावर ठेवलेला रुग्ण खंगतो. गाळलेले घट्ट वरण, शेंगदाण्याचे दूध, अंडे फेटून शिजवलेली पातळ खीर, नाचणीचे आंबील असे ताकद देणारे पातळ अन्न दिवसातून सहा-सात वेळा द्यावे लागते. तेही उतरत नसेल, तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात किंवा आतड्यात नळी बसवतात. नळी म्हणजे अखेर, अशी समजूत करून घेऊन अनेक कुटुंबे ती नाकारतात; वस्तुतः ती बहुधा तात्पुरती असते आणि वजन भरून आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया अधिक सुखरूप पार पडते.

देहू परिसरातील रुग्णाला मोठे सार्वजनिक रुग्णालय म्हणून पिंपरीतील संत तुकारामनगरमधील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि त्यापुढे पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय जवळचे. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात असलेल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असावे. नळी रुंद करून घरी परतल्यावर छातीत किंवा पाठीत तीव्र कळ, ताप, दम लागणे अथवा मानेच्या त्वचेखाली दाबल्यावर कुरकुर जाणवणे, यांपैकी काहीही आढळले तर नळीला छिद्र पडल्याची शक्यता असते. अशा वेळी तोंडाने पाणीही न देता रुग्णाला त्याच रात्री पुन्हा रुग्णालयात न्यावे.