डोंगरातली माती आणि गळ्यातली गाठ

शाळेत भूगोल आणि जीवशास्त्र वेगवेगळ्या तासांना शिकवतात. गलगंडाचा इतिहास मात्र हे दोन्ही विषय एकत्र घेतल्याशिवाय समजत नाही.

आयोडीनचा मोठा साठा समुद्रात असतो. तिथून थोडे आयोडीन हवेत जाते आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरते. परंतु डोंगराळ भागात हिमनद्या, पाऊस आणि पुरांनी मातीचा वरचा थर हजारो वर्षे धुऊन नेला. त्याबरोबर आयोडीनही गेले. पिकांना वाढीसाठी आयोडीनची फारशी गरज नसते. त्यामुळे शेत हिरवेगार दिसते, पण धान्यात आयोडीन अगदी कमी असते.

माणसाचे मात्र त्यावाचून चालत नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला सतत काम वाढवायला सांगते. त्यामुळे थायरॉइड फुगत जाते. हाच गलगंड.

1811 साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन मिळाले. त्या काळी युरोपात गलगंडावर जाळलेल्या स्पंजची राख देत असत. स्पंजही समुद्रातलाच! त्यातला गुणकारी घटक आयोडीन असावा, असा तर्क करून जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी 1820 मध्ये ते रुग्णांना दिले. गाठी लहान झाल्या. पण जास्त मात्रेमुळे काहींना अपाय झाला आणि उपचाराला विरोध सुरू झाला. थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन असते, हे बाउमान यांनी दाखवले ते थेट 1895 मध्ये. 1922 पासून स्वित्झर्लंडने मिठात अगदी अल्प आयोडीन मिसळायला सुरुवात केली.

आपल्याकडचा पुरावा हिमालयाच्या पायथ्याशी मिळाला. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, तर तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, तिसऱ्यात नाही. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

हा प्रश्न केवळ गळ्यातल्या गाठीचा नाही. गर्भाच्या मेंदूची सुरुवातीची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. तेव्हा आयोडीन फारच कमी पडले, तर बाळाच्या बुद्धीचे झालेले नुकसान पुढे भरून निघत नाही.

हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून अनेक घरांत रोजच्या जेवणात सैंधव वापरतात. त्यात मुद्दाम आयोडीन मिसळलेले नसेल, तर शरीराची गरज भागत नाही. उपवासापुरते सैंधव ठीक आहे. एरवी आयोडीनयुक्त मीठच वापरावे. बेताने, आणि झाकण घट्ट लावून ठेवलेले. घरात गरोदर स्त्री असेल, तर आजच मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, ते पाहा.