माळ्यावरची दुर्बीण

देवगाव रंगारीच्या आमच्या घरात माळ्यावर एक दुर्बीण पडून होती. 1986 साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा चाचांनी ती मुंबईहून आणली होती. धूमकेतू पाहून झाला, दोन-तीन ईदचा चाँद पाहून झाला. मग एका पावसाळ्यानंतर तिच्यातून सगळं धूसर दिसायला लागलं. 'बिघडली' म्हणून ती गोणपाटात गुंडाळली गेली, ती कायमचीच. गेल्या उन्हाळ्यात मी ती खाली काढली.

बिघाड शोधला तर फारसा निघाला नाही. नळीच्या तळाशी साडेचार इंची आरसा असतो, त्यावर धूळ आणि बुरशीचे ठिपके होते. वरच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा स्क्रू सैल होऊन सरकला होता. मोठा आरसा काढून आधी नळाखाली धरला, म्हणजे कणकण वाहून जाते. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस दाब न देता फिरवला, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने धुतला आणि उभा ठेवून वाळवला. कोरड्या फडक्याने पुसला असता, तर वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर ओरखडला असता. तो केसापेक्षाही शेकडो पटींनी पातळ असतो. नंतर कॅमेऱ्याच्या रीळाच्या जुन्या डबीला मधोमध भोक पाडलं, ती डोळा लावायच्या जागी बसवली आणि आतली प्रतिबिंबं एकमेकांच्या मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवले. दोन संध्याकाळी गेल्या. खर्च नावापुरता.

हे करताना दोन मोठ्या दुर्बिणी सारख्या आठवत होत्या.

पहिली पुण्याची. सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथली डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली 20 इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. तेव्हाच्या आरशांवर चांदीचा मुलामा असे. हवेने चांदी काळवंडे, की मुलामा उतरवून नवा द्यावा लागे. अ‍ॅल्युमिनियम आलं ते 1930 नंतर. म्हणजे अशी दुर्बीण राखायची तर रोज तिच्याकडे पाहणारं माणूस हवं. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिथे ती पुन्हा उभी राहिली 1951 साली. एकोणचाळीस वर्षं पडून.

दुसरी हैदराबादची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचं गाव त्याच राज्यात होतं. तिथले एक अमीर, नवाब जफर जंग, हौशी खगोलप्रेमी. 1901 साली त्यांनी ग्रब यांच्याकडची 15 इंची भिंगाची दुर्बीण स्वतःच्या पैशाने घेतली, फिसल बंडा इथे वेधशाळा थाटायला घेतली आणि आपल्यानंतर ती सरकारने सांभाळावी, असं लिहून कळवलं. 1907 साली ते वारले. पुढच्या वर्षी 'निजामिया' वेधशाळा सरकारकडे आली आणि बेगमपेठेत हलली. आठ इंची कुक दुर्बिणीने आकाशाचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात ती सामील झाली. पण नवाबांची मोठी दुर्बीण मात्र उभी राहिली 1922 साली, टी. पी. भास्करन शास्त्री संचालक असताना. एकवीस वर्षांनी.

भास्करन यांच्यानंतर 1944 साली अकबर अली आले. त्यांनी 48 इंची दुर्बिणीचा घाट घातला. ती 1968 साली रंगापूरला उभी राहिली. याच वेधशाळेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. कावलूरची 2.3 मीटरची मोठी दुर्बीण आज त्यांच्या नावाने आहे.

आमच्याकडे निजामाचं राज्य म्हटलं की रझाकार आठवतात. आठवावेतच, ज्यांनी सोसलं त्यांची ती आठवण आहे. पण त्याच राज्यात एका नवाबाने आणलेली दुर्बीण एका शास्त्रींनी उभी केली आणि पुढे एका अलींच्या हाती दिली, हेही आपल्याच इतिहासात मोडतं. ते शाळेत मला कुणी सांगितलं नाही. विकत घेणाऱ्याचं नाव पाटीवर तरी राहतं. जोडणाऱ्याचं, पुसणाऱ्याचं बहुधा राहत नाही. नायगमवालांची दुर्बीण काय किंवा नवाबांची काय, वर्षं वाया गेली ती खोक्यात.

त्या रात्री चाचांना गच्चीवर नेलं. त्यांनी शनीची कडी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे बिघडली नव्हती तर."

तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर खाली काढा. फक्त आरसा कोरडा पुसू नका.