नहर-ए-अंबरी ते नाथसागर: एका शहराच्या पावसाचा प्रवास

छत्रपती संभाजीनगर ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे, त्यात पाणी सहज मुरत नाही. मात्र त्याच्या वरचा झिजलेला मुरूम आणि ओढ्यांच्या पात्रांतील वाळू पाऊस पोटात धरून ठेवतात, आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी हे नगर, म्हणजे आजचे हे शहर, वसवल्यावर पाण्यासाठी याच साठ्याचा आधार घेतला. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी म्हणजे उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्यापासून जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत येणारा बांधीव जलमार्ग होय. सफाईसाठी तिच्यावर ठिकठिकाणी उतरण्याची भोके ठेवली होती.

या रचनेचे मर्म असे की, शेण, चिखल आणि पालापाचोळा घेऊन धावणारे पावसाचे पाणी नहरीत येतच नसे. ते आधी मुरुमातून आणि वाळूतून झिरपत असे, आणि गाळण्याचे काम जमीनच करीत असे. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी एकीचे पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीत उंच भिंतीवरून हौदात पडते. पर्यटक तो धबधबा पाहतात आणि त्यामागची मैलोगणती लांबीची नहर न पाहताच परततात, ही खेदाची गोष्ट आहे.

हर्सूल तलावाचे आणि पुढे जायकवाडीचे पाणी नळाने येऊ लागल्यावर नहरींची गरज सरली, तशी त्यांची निगाही. मुरुमावर डांबर आणि काँक्रीट पसरले, म्हणजे पाणी गाळणारी जमीनच झाकली गेली. पहिल्या सरी रस्त्यांवरचे तेल, धूळ आणि कचरा धुऊन नेतात, म्हणून त्यांचे पाणी सर्वांत मलिन असते. ते सांडपाण्यासह नाल्यांतून खाम नदीत जाऊ लागले. खाम जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावून हर्सूल तलावातून शहरात येते आणि अखेरीस नाथसागरास, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयास, मिळते. शहराचे बहुतांश पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते, त्यामुळे रस्त्यावर पडलेली घाण शेवटी नागरिकाच्याच घोटाकडे वळते.

2021 च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद, वेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी खामच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. त्यात नाल्यांच्या मुखाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, पात्र स्वच्छ केले, काठांवर झाडे लावली. हे काम मोलाचे असले तरी जाळीत प्लास्टिक अडकते, पाण्यात विरघळलेली घाण अडकत नाही. आणि सांडपाणी नाल्यांपासून वेगळे करून पावसाला मुरण्यास जागा दिल्याशिवाय खाम शुद्ध होणार नाही.