संशयकल्लोळ

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे विनोदी संगीत नाटक. मोल्येरच्या १६६० मधील एका प्रहसनाच्या आधारे आर्थर मर्फी याने ‘ऑल इन द राँग’ (१७६१) हे इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे गद्य रूपांतर केले व पुढे त्यात पदे घालून त्यास प्रस्तुत रूप दिले. यातील पुरुषांची नावे महिन्यांवरून, तर स्त्रियांची नक्षत्रांवरून योजिलेली आहेत.

कथानक : भर रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीस फाल्गुनराव सावरतो व ते दृश्य त्याची पत्नी कृत्तिका हिच्या दृष्टीस पडते. रेवतीचा प्रियकर अश्विनशेट याची तिथे गळून पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती न्याहाळीत असलेली पत्नी पाहून फाल्गुनरावाचाही ग्रह फिरतो. पुढे भादव्या व रोहिणी या चाकरमंडळींच्या जबान्या होतात, परंतु संशयिताला समोरासमोर विचारून शहानिशा करण्याचे कोणासही सुचत नाही, आणि दोन्ही जोडपी आपापल्या तर्काच्या कोंडवाड्यात एकाकी पडतात. शेवटी सर्वांच्या संशयाचे निरसन होते.

‘झुंजारराव’शी संबंध : या नाटकाचा खरा जोडीदार देवलांचेच ‘झुंजारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर होय. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांची झुंजाररावाची भूमिका विशेष गाजली. शेक्सपिअरने आपल्या नायकास व्हेनिसहून सायप्रस बेटावरील लष्करी ठाण्यात नेले. आप्तेष्टांपासून तुटलेल्या त्या जागी एका हातरुमालाचा पुरावा निरपराध पत्नीच्या वधास पुरेसा ठरतो. रुमालाच्या जागी तसबीर येताच त्याच मत्सरातून हास्य निर्माण होते, कारण येथे ‘झुंजारराव’मधील खलनायक जाधवराव याच्यासारखा विष कालविणारा कोणी नाही. प्रत्येक जण स्वतःच स्वतःचा जाधवराव होतो. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एकाच विकाराची ही दोन टोके हाताळणारा नाटककार आपल्याकडे विरळा.

प्रयोग : १४ जून १९१६ रोजी देवल निवर्तले, त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती व गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव या भूमिका लोकादरास पात्र झाल्या. बोडस हे देवलांच्याच तालमीत तयार झालेले नट असल्यामुळे, फाल्गुनरावाचा संशय त्याला स्वतःला सर्वस्वी खरा वाटला पाहिजे, हे या भूमिकेचे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते.

संगीत : पदरचना देवलांचीच.

मूल्यमापन : रूपांतर असूनही परकेपणाचा मागमूस न उरलेले हे नाटक मराठी विनोदी नाटकांत अग्रगण्य होय, मात्र त्याची खोली जाणू इच्छिणाऱ्याने ते ‘झुंजारराव’च्या पाठोपाठ वाचावे.