तळटीप १२ : क्लीव्हलँडचा रॉबिन्सन

१२. इथे अभिप्रेत आहे तो फ्रँक रॉबिन्सन (१९३५–२०१९). आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्याशी त्याचे काही नाते नाही. आधी सिनसिनाटी रेड्स (१९६१) आणि मग बाल्टिमोर ओरिओल्सकडून (१९६६) दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा हा पहिला खेळाडू. पुढे क्लीव्हलँडची सूत्रे हाती घेऊन तो मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर ठरला. बेसबॉलमधला मॅनेजर कचेरीत बसत नाही. फलंदाजीचा क्रम तोच लावतो आणि पिचर केव्हा बदलायचा हेही सामना चालू असताना तोच ठरवतो. ही जबाबदारी कृष्णवर्णीयावर सोपवायला मेजर लीगला जॅकीच्या पदार्पणानंतर (१९४७) तब्बल २८ वर्षे लागली, ही लाजिरवाणीच गोष्ट. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर जॅकीने ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली; नऊ दिवसांनी तो वारला. मजकुरातला ‘तो दिवस’ म्हणजे ८ एप्रिल १९७५. जॅकीची पत्नी रेचेल हिच्या हस्ते सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकला गेला. खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत उतरलेल्या फ्रँकने पहिल्याच डावात, पहिल्याच वेळी बॅट हाती घेऊन होम रन मारला. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा तो सामना क्लीव्हलँडने ५-३ असा जिंकला. पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर, माँट्रियल आणि वॉशिंग्टन हे संघ सांभाळले. १९८८ चा मोसम लागोपाठ २१ पराभवांनी सुरू करणाऱ्या बाल्टिमोरला त्याने पुढच्याच वर्षी ८७ विजयांपर्यंत नेले. मॅनेजर म्हणून त्याची खरी कर्तबगारी हीच.