बाजेवरच्या माणसाचा भार कुणी उचलायचा?

कुंडल म्हटले की शेणोलीची लुटलेली रेल्वे, तुफान सेना, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड हीच नावे आधी आठवतात. पण १९४३ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारचे महत्त्व मला तरी बंदुकीपेक्षा त्याच्या गावकारभारात जास्त दिसते. गावोगावी न्यायनिवाडे झाले, दारूच्या भट्ट्या बंद पडल्या, सावकारांना चाप बसला, कर्ज काढून होणाऱ्या लग्नांच्या जागी हार घालून साध्या खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लागली. बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला पंचांपुढे उभे राहावे लागले. तोवर उंबऱ्याच्या आतल्या समजल्या गेलेल्या या गोष्टी गावाने आपल्या मानल्या. उंबऱ्याच्या आतली एक गोष्ट मात्र आतच राहिली, ती म्हणजे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा. या भागातल्या घरच्या शुश्रूषेचा दर्जा घरच्यांच्या मायेवर कधीच ठरला नाही. शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या पाठीशी कोण उभे आहे यावर तो ठरला, आणि बहुतेक वेळा कुणीच उभे नव्हते.

औषधोपचारांच्या बाबतीत हा मुलूख मागासलेला होता असे म्हणायला जागा नाही. कुंडल औंध संस्थानात होते. १९१० साली तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाशेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. त्याच रेल्वेने मिरज गाठता येत होती, जिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होते. म्हणजे मोतीबिंदू, मुतखडा, गाठ यांवर शस्त्रक्रिया करून घ्यायची सोय कुंडलकरांच्या आवाक्यात बरीच लवकर आली. पण शस्त्रक्रिया काही दिवसांत उरकते. पक्षाघात झालेला, क्षयाने झिजलेला, झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस त्याच गाडीने परत येई आणि सोप्यात बाजेवर पडे. पुढची दहा वर्षे त्याचे काय करायचे, याचे उत्तर हॉस्पिटलकडे नव्हते. आपल्याकडे दवाखान्यातही पेशंटाजवळ घरचे माणूस राहायचे; जखम कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची हे तिथे नर्सच्या हाताकडे बघून जेवढे उचलता येईल, तेवढेच शिक्षण पदरात पडे. ग्रामीण महाराष्ट्रात घरी शुश्रूषा करणाऱ्यांची खरी शाळा बराच काळ ती एवढीच होती.

सरकार घरात शिरले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा हेतू वेगळा होता. पहिल्यांदा प्लेगात. १८९७ साली पुण्यात सोजिरांनी घरे तपासून रोग्यांना उचलून नेले. लोकांनी आजारी माणसे लपवली, ती सरकारी इस्पितळाच्या धास्तीने. त्याच साथीत, सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्या मदतीने पुण्याबाहेर दवाखाना चालवला. रोगी पोराला पाठीवर घेऊन त्या चालत गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांच्या त्यागाचे आपण गुणगान करतो, पण त्यातली दुसरी गोष्ट सुटून जाते: त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्यामागे डॉक्टर होता आणि जागा होती. दुसऱ्यांदा सरकार घरात आले ते बाळंतपणासाठी. १९०३ च्या व्हिक्टोरिया निधीतून सुईणींना शिकवायला सुरुवात झाली आणि तोच धागा पुढे एएनएम आणि २००५ नंतरच्या आशा ताईंपर्यंत आला. आई आणि बाळ यांच्यासाठी कुणीतरी दार वाजवू लागले. अंथरुणावरच्या सासऱ्यासाठी, मेंदूला मार बसलेल्या तरण्या मुलासाठी कुणी आले नाही. प्रतिसरकारचे पर्व संपले त्याच १९४६ साली देशातल्या आरोग्यसेवेवरचा भोर समितीचा अहवाल आला. त्यात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स असा हिशेब आहे. डॉक्टरपेक्षा नर्स जवळपास सातपट दुर्मिळ असलेल्या देशात शुश्रूषा सुनांच्या गळ्यात पडणे ठरलेलेच होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एकत्र कुटुंबात हे सगळे नीट होत होते, आता कुटुंबे मोडली म्हणून प्रश्न उभा राहिला. एकत्र कुटुंबाचा आधार मोठा होता हे मी मानतो. रात्रीच्या जागरणाला चार हात मिळत. पण दर्जा म्हणजे काय ते जवळून पाहायला हवे. पक्षाघाताच्या माणसाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी लागते. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघावे लागतात. दाबल्यावरही लाली गेली नाही, तर तिथून जखम सुरू झाली असे समजायचे. पेज पाजताना त्याला टेकून बसवावे लागते, आडव्या माणसाच्या तोंडात घातलेला घोट छातीत जातो आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच लटकवायची, उचलून पलंगावर ठेवली की लघवी उलटी फिरते आणि ताप येतो. यातले काहीही मायेने आपोआप समजत नाही. घरात दहा माणसे असली तरी हे कुणी सांगितलेच नसेल, तर दहाही जण माकडहाडाची जखम होताना बघत बसतात. शिवाय हे चार हात बहुधा दोघींचेच असत, पहाटे गोठा आणि दिवसा रान सांभाळणाऱ्या बायकांचे. त्यांची पाठ, त्यांची झोप यांची नोंद आपल्या इतिहासात कुठेच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नळ्या, इंजेक्शने, ऑक्सिजन लागणारा रुग्ण गावातल्या बाईच्या हाती सोपवणे धोक्याचे, त्याची जागा हॉस्पिटलातच. याला उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे, तेही गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. गुदमरलेल्या नवजात बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी झोपडीत केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. एका दिवसाच्या बाळाइतका नाजूक रुग्ण दुसरा नसेल. त्या बायका निभावून नेऊ शकल्या, कारण त्यांना शिकवले, साधने दिली, कामाचे पैसे दिले आणि त्यांचे काम नियमाने तपासले. या चारांपैकी एक काढून घेतले असते तर उरलेल्या तीन गोष्टी किती टिकल्या असत्या, याची मला शंका आहे.

उरतो पैशाचा प्रश्न. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी १८५९ साली मरणासन्न पत्नीसाठी ठेवलेल्या नर्सला पुढे गरिबांच्या घरी पाठवले आणि इंग्लंडातली घरपोच नर्सिंग तिथून सुरू झाली. पण तो श्रीमंत व्यापारी होता, ते उदाहरण आपल्याला फार पुढे नेत नाही. केरळचे उदाहरण मात्र नेते. तिथे नव्वदच्या दशकात मलप्पुरमच्या आसपास शेजारपाजारच्यांनी वर्गणी काढून अंथरुणावरच्या रुग्णांची जबाबदारी घेतली, २००८ साली सरकारने परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअरचे) धोरण केले आणि घरी जाणाऱ्या नर्सचे काम पंचायतींकडे आले. वर्गणी, स्वयंसेवक, पंचायत यांतले काय कुंडलच्या भागाला परके आहे? इथल्या लोकांनी सहकारी साखर कारखाने आणि पाणीपुरवठ्याच्या योजना उभ्या केल्या, सोसायट्या आणि दूध डेअऱ्या चालवल्या. उसाच्या टनाचा हिशेब गावाला तोंडपाठ आहे, पण गावात किती माणसे बाजेवर आहेत ते विचारले तर आकडा सांगणारा कुणी सापडणे कठीण.

कायदाही अजून उंबऱ्यापाशी अडखळतो. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल होतात त्या जागेसाठी आहे; नर्सिंग ब्युरोने घरी पाठवलेल्या मावशी किंवा ब्रदर काय शिकून आले आहेत, हे त्यातून तपासले जात नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देतो, पण कूस बदलायला माणूस देत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे, आणि घरी शुश्रूषा करणाऱ्याचे श्रम हे पैशांत मोजायचे काम आहे अशी कबुली त्यात आहे. तिचा आधार घेऊन ग्रामपंचायतीला आजही सुरुवात करता येईल: बाजेवरच्या माणसांची यादी, आठवड्यातून एकदा घरी येणारी नर्स, आणि तिच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे माकडहाड, टाचा, ताप आणि शुश्रूषा करणाऱ्या बाईला रात्री मिळालेली झोप, असे चार रकाने.